दारव्हा ते फ्रँकफर्ट: विमान कंपनीतला पहिला दिवस

सोमवारी सकाळी नऊला मी फ्रँकफर्टच्या एका विमान कंपनीत इंटर्न म्हणून हजर झाले. पण माझा प्रवास सुरू झाला तो आदल्या गुरुवारी, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातून, मुक्कामी गाडीनं. सप्टेंबरचे दिवस. रात्रभर पाऊस झाला होता आणि वाटेतल्या नाल्यावरून पाणी वाहत होतं. पाणी उतरेपर्यंत गाडी दोन तास अलीकडेच उभी. विमान शुक्रवारी संध्याकाळचं होतं म्हणून निभावलं. आपल्या भागातून पावसाळ्यात निघणाऱ्यानं नागपूरला एक दिवस आधी पोहोचावं. दिल्ली-फ्रँकफर्टच्या सहा हजार किलोमीटरची मला काळजी नव्हती, खरी धाकधूक गाव ते यवतमाळ एवढ्याच रस्त्याची होती.

यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा करत येणारी एसटी नागपुरात वर्धा रोडनंच शिरते आणि विमानतळ शहराच्या आधी लागतो. थेट विमानतळावर जायचं असेल तर गणेशपेठ स्टँडपर्यंत जाऊन परत फिरू नका. वाहकाला आधी सांगून एअरपोर्ट मेट्रो स्टेशनजवळ उतरा, तिथून रिक्षा करा. नागपूर-दिल्ली-फ्रँकफर्ट हे सगळं एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा गेलं आणि पुढचं हुकलं, तर दुसऱ्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी राहते. वेगवेगळी तिकिटं काढली तर तो भुर्दंड आपला.

आईनं गावरान तुपाची बरणी आणि मावशीनं खव्याची संत्रा बर्फी बांधून दिली होती. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. हे मला नागपूरला मामेबहिणीच्या घरी बॅग भरताना कळलं. बरणी तिथेच ठेवताना आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. घरच्यांना हे आधीच सांगा, त्यांचे कष्ट वाया जायला नकोत. जवसाची चटणी आणि ज्वारीचं पीठ माझ्यासोबत नीट पोहोचलं.

कागदांचं सगळ्यात आधी बघा. विमानतळाच्या बंदिस्त भागात काम करणाऱ्या प्रत्येकाची जर्मनीत पार्श्वभूमी तपासली जाते आणि त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. माझ्याकडून त्यासाठी पोलिस क्लिअरन्स, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला, मागितलं होतं. पासपोर्टच्या पोर्टलवर अर्ज केला, मग ठाण्यातून चौकशीला माणूस घरी आला. ऑफर लेटर हातात पडल्याच्या दिवशीच हा अर्ज करा. आणखी एक गोष्ट: तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. खोली ठरवतानाच ते मिळेल का, हे विचारून घ्या.

शनिवारी सकाळी उतरले. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, मोठी स्टेशनं आणि विमानतळ सोडून. म्हणून शनिवारीच तांदूळ, डाळ, दूध आणून ठेवलं. रविवारी एकदा ऑफिसपर्यंत जाऊन आले. एस 8 आणि एस 9 या लोकल शहरातून थेट विमानतळाच्या खालच्या स्टेशनात येतात, पण तिथून माझं ऑफिस चालत वीस मिनिटांवर निघालं, आणि दार प्रवाशांच्या बाजूला नव्हतंच. ही फेरी मारली नसती तर पहिल्याच दिवशी उशीर झाला असता. महिनाभर राहणार असाल तर डॉइचलंड तिकीट घ्या. 2025 मध्ये ते महिन्याला 58 युरोला होतं आणि देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम त्यावर चालतात. मात्र ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवा.

सोमवारी सुरुवातीला सह्या, फोटो, बॅज. पासपोर्टवर आपल्याकडे नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं, तसंच ते बॅजवर छापून आलं. विमान कंपनीच्या दारावर बाबांचं नाव गळ्यात घालून मी आत गेले.

मला ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये, म्हणजे कंपनीच्या विमानांच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या खोलीत बसवलं. भिंतीवरचं मोठं घड्याळ यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ दाखवत होतं: तिथे दहा, घड्याळात आठ, गावाकडे दुपारचा दीड. मार्गदर्शक बाईंनी पडद्यावरची एक पट्टी दाखवली. एकच विमान, दिवसभरात सहा फेऱ्या. पहिल्या फेरीला चाळीस मिनिटं उशीर, आणि पुढच्या प्रत्येक फेरीसमोर 93 आकडा. जगभरातल्या विमान कंपन्या उशिराचं कारण आकड्यांत नोंदवतात. 93 म्हणजे विमान आधीच्या फेरीवरूनच उशिरा आलं. त्यातच फ्रँकफर्टला रात्री 11 ते पहाटे 5 विमानांची नेहमीची ये-जा बंद असते, त्यामुळे सकाळची चाळीस मिनिटं रात्रीपर्यंत भरून काढायचीच असतात.

हे मला समजावून सांगायची गरज पडली नाही. माझे बाबा एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक आहेत. लहानपणी त्यांच्या केबिनमध्ये बसून मी हेच पाहिलंय: यवतमाळची गाडी आली नाही, म्हणून दिग्रसची सुटत नाही. मी बाईंना मुक्कामी गाडीबद्दल सांगितलं. रात्री गावात थांबलेली गाडी सकाळी वेळेवर निघाली, की अर्धा दिवस सुरळीत. त्यांनी वही काढून तो शब्द लिहून घेतला.

मग त्यांनी नागपूर कुठे आहे, हे विचारलं. मी नकाशावर भारताच्या मधोमध बोट ठेवलं आणि रात्रीच्या टपालाचं सांगितलं. 1949 मध्ये ती सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, टपालाची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. फ्रँकफर्ट आज प्रवाशांचं जे करतं, तेच. इंटर्नशिपला जाताना आपल्या गावाची अशी एखादी खरी गोष्ट सोबत न्या. माझं पुढचं सगळं बोलणं त्यामुळे सोपं झालं.

संध्याकाळी साडेपाचला सुटले. गावात तेव्हा रात्रीचे नऊ. बाबा फोनची वाटच बघत होते. 93 चं सांगितलं तर म्हणाले, "मंग हे तं आमचंच काम हाय ना माय." थोडं थांबून विचारलं, "रातच्याले मुक्कामी विमानं किती राह्यतेत तिथं?"

आकडा मला माहीत नव्हता. मंगळवारसाठी वहीत पहिला प्रश्न तोच लिहिला.