बिनस्वाराचा घोडा

मुंबईत पुतळ्यांचं बारसं लोक करतात, आणि लोकांना लांबलचक नावं आवडत नाहीत. भायखळ्याला उड्डाणपुलांच्या बेचक्यात शेठ करसेटजी माणेकजी उभे आहेत. पण त्यांचं नाव विचाराल तर शंभरातले नव्व्याण्णव जण खांदे उडवतील. ते आपले ‘खडा पारशी’. उभा आहे, पारशी आहे, विषय संपला.

काळ्या घोड्याच्या बाबतीत तर याहून मजा झाली. वेल्सचे युवराज एडवर्ड १८७५ साली मुंबईला आले होते. त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी जोसेफ बोहम या शिल्पकाराकडून युवराजांचा घोड्यावर बसलेला पुतळा करवून घेतला. १८७९ मध्ये तो फोर्टात उभा राहिला. हे ससून म्हणजे ससून डॉकवाले. आज बोंबील, कोळंबीचा लिलाव चालतो ती गोदी त्यांची, आणि पुण्याच्या ससून रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे ते डेव्हिड ससून त्यांचे वडील. एवढ्या मोठ्या घरच्याने एवढ्या मोठ्या घरच्या पोराचा पुतळा दिला. मुंबईकराने मान वर करून पाहिलं. पुढे सम्राट होणारा तो स्वार त्याच्या डोळ्यांत भरलाच नाही. घोडा भरला. ब्राँझ काळपट होतं, म्हणून तो काळा घोडा. राज्यकर्त्यांचा यापेक्षा सभ्य अपमान मी तरी ऐकलेला नाही.

१९६५ मध्ये पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात नेला. स्वातंत्र्य मिळालेलं, महाराष्ट्र झालेला, गेटवेसमोर १९६१ पासून शिवाजी महाराज घोड्यावर बसलेले. जवळच दुसऱ्या कुणी घोड्यावर बसून राहावं हे शोभणारं नव्हतंच. पण युवराजांच्या मांडीखालून घोडा काढून घेता येत नव्हता, म्हणून तोही बिचारा गेला. जागेवर गाड्या लागायला लागल्या. आणि लोक? ते ‘काळ्या घोड्याजवळ भेटू’ म्हणतच राहिले. कुणी म्हटलं नाही की अरे, तिथे घोडाच नाही, तर भेटायचं कशाजवळ! १९९९ पासून फेब्रुवारीत कलामहोत्सव भरू लागला, त्यालाही नाव काळा घोडा. आमची सगळी कॉलेजची वर्षं त्या नसलेल्या घोड्याच्या खुणेवर एकमेकांची वाट बघण्यात गेली, आणि कुणी हरवलं नाही.

शेवटी २०१७ मध्ये गंगेत घोडं न्हालं. बावन्न वर्षांनी चौकात पुन्हा घोडा आला. कल्पना वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. आणला तो फक्त घोडा. स्वार वगळला. लोकांनी आधीच्या शतकात तोंडी करून टाकलेली दुरुस्ती होती, ती फक्त धातूत उतरवली. समित्यांकडून एवढा शहाणपणा सहसा होत नाही, म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटतं.

मी फोर्टात काही काम असलं की वाट वाकडी करून तिथून जातो. जहांगीर आर्ट गॅलरीच्या फुटपाथवर मांडलेली चित्रं बघायची, मग घोड्याकडे वळायचं. तो तसा देखणा म्हणावा असा नाही हो. मान जरा जास्तच ताठ, आणि आजूबाजूला एवढी वाहनं की नीट न्याहाळायला जागाच नाही. खरी गंमत त्याच्या पाठीवर आहे. खालून बघितलं की नजर आपोआप तिथे जाते, कारण चौथऱ्यावरच्या घोड्यावर कुणीतरी असणार ही आपल्या डोळ्यांची सवय. तिथे नुसतं आभाळ. कधी एखादा कावळा. तो मात्र असा ऐटीत बसलेला असतो, की नेमणूक त्याचीच झाली असावी.

महोत्सवाच्या दिवसांत इकडे फिरकू नये. पाय ठेवायला जागा नसते आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. एरवी मंगळवार-बुधवारची सकाळ बरी. ऑफिसवाले आत गेलेले असतात आणि सँडविचवाला काकड्या सोलत असतो. शेजारी मालाडच्या पिवळसर दगडातलं डेव्हिड ससून ग्रंथालय. त्याच्या दारावर खुद्द डेव्हिड ससूनचं दगडी मुंडकं बाहेर डोकावतं. वरच्या सज्जात आरामखुर्च्यांवर सभासद वर्तमानपत्र छातीवर घेऊन वाचत असतात. डोळे मिटून वाचत असतात, एवढंच. मुलाने शहराला दिलेला स्वार गेला तो गेलाच, बापाचं डोकं अजून राखणीला आहे.

गेल्या हिवाळ्यात ठरवून राणीच्या बागेत गेलो. म्हटलं, मूळ मालकांनाही एकदा भेटून यावं. युवराज आहेत तसेच आहेत, घोड्यावर ताठ. घोडा मात्र फारच सुरेख आहे. नव्याहून कितीतरी सरस, पोटावरची शीरन् शीर दिसते. लोकांनी त्याचंच नाव ठेवलं ते उगाच नाही. घारापुरीचा दगडी हत्तीही याच आवारात, म्हणजे जागेवरून हललेल्यांची इथे बरी सोबत आहे.

मी वर बघत उभा असताना एक बाई दोन पोरांना ओढत आल्या. धाकट्याने विचारलं, “आई, हा कोण?”

“असेल कोणीतरी साहेब,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, “दादा, पेंग्विन कुठल्या बाजूला?”

मी हात करून दाखवलं. मोठी पोरगी दोन पावलं मागे रेंगाळली, घोड्याकडे बोट करून धाकट्याला म्हणाली, “काळाय बघ,” आणि दोघं पेंग्विनच्या दिशेने पळत सुटली.