जसे आले तसे

लहानपणी रेडिओवरचे गाणे टेप करायचे म्हणजे कॅसेट रेकॉर्डर रेडिओला टेकवून ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचे, असा आमच्याकडचा विधी होता. तरीही नेमक्या समेवर कुकरची शिट्टी यायचीच. आकाशवाणीची 'रागम' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजी बंगळुरूहून सुरू झाली आणि इंटरनेटवरून घरात आली, तेव्हा मला वाटले की शिट्टीचा प्रश्न कायमचा मिटला.

पहिल्या रात्री लॅपटॉपवर वाहिनी लावली, स्पीकरमधून जे ऐकू येईल ते टिपून घेणारा प्रोग्रॅम चालू केला आणि झोपी गेलो. सकाळी ऐकतो तर आलापात गायक निषादावर स्थिरावलेला असताना कुणाच्या तरी मेलची 'टिंग' स्वच्छ उमटलेली. शिवाय एकूण आवाजच कोंदट वाटत होता, आणि त्याचे कारण समजायला मला बरेच दिवस लागले. इंटरनेट रेडिओचा आवाज आपल्याकडे येतो तो आधीच दाबून लहान केलेला असतो. तो उलगडून वाजवायचा आणि वाजलेला पुन्हा एमपीथ्रीमध्ये दाबायचा, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढण्यासारखेच आहे. कानाला कळणार नाही असे जे दाबणाऱ्या प्रोग्रॅमला वाटते ते तो गाळून टाकतो, आणि दुसऱ्या खेपेला त्याची कुऱ्हाड तंबोऱ्याच्या जवारीवर, म्हणजे त्याच्या घुमणाऱ्या नादावर, पडते.

मग मी दुसरे टोक गाठले. इंटरनेटवरून येणारा, सेकंदाला १२८ किलोबिटचा आवाजाचा प्रवाह सीडीच्या दर्जाच्या, म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिटच्या, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये साठवू लागलो. तासाला ५८ एमबीच्या जागी ६३५ एमबी खर्ची पडू लागले आणि आवाज होता तेवढाच राहिला. पातळ ताक मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून ते घट्ट होत नाही, हे आमच्या आजीला शिकवावे लागले नव्हते.

खरा उपाय आळशी माणसाला शोभेल असा निघाला. प्रवाहाचा मूळ पत्ता शोधून काढायचा, तो एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचा आणि सांगायचे की उलगडू नको, दाबू नको, फक्त 'कॉपी' कर. स्टेशनने पाठवलेले बिट जसेच्या तसे फाइलमध्ये उतरतात. साउंड कार्डाचा संबंधच येत नसल्यामुळे स्पीकर बंद असला तरी चालते आणि मेलची टिंगही वाटेत येत नाही. प्रवाहासोबत येणाऱ्या नावांवरून गाणी आपोआप तोडून देणारे प्रोग्रॅमही आहेत, पण ती नावे बहुधा काही सेकंद मागेपुढे बदलतात आणि एका गाण्याचा मुखडा आधीच्या गाण्याच्या शेपटीला चिकटतो. ख्यालाच्या बाबतीत मी त्या फंदात पडत नाही. अख्खा तास एकत्रच ठेवतो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री विलंबित ख्याल चालू असताना आमच्याकडची वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर जागा राहिला, राउटर मात्र निजला. वीज आल्यावर प्रवाह पुन्हा जोडला गेला, त्यामुळे त्या फाइलमध्ये संथपणे बढत करणारा गायक एका श्वासात थेट द्रुत तराण्यात उडी घेतो, आणि मागचा तंबोरा काही झालेच नाही अशा थाटात वाजत राहतो. आता राउटरला छोटा यूपीएस लावला आहे.