रकाना नसलेलं काम

आमच्या ग्रंथालयातल्या संगणकांना एक नियम होता: सभासदालाच बसता येईल, तेही अर्धा तास. नियम तसा बरा होता, पोरं गेम खेळत ठाण मांडत नसत. त्या दिवशी मात्र साठीपुढचे एक गृहस्थ कागदपत्रांची पिशवी घेऊन थेट देवघेव काउंटरवर आले. "मॅडम, पेन्शनचा अर्ज भरायचाय. ऑफिसात म्हणाले, कागदावर घेत नाही, ऑनलाइनच भरा. आज शेवटची तारीख आहे."

ते सभासद नव्हते. "शाळेत असताना होतो," म्हणाले. "एक पुस्तक हरवलं, दंडाच्या धाकानं पुन्हा पाऊल टाकलं नाही." मला शिकागो आठवलं. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये विलंब शुल्क रद्द केलं, तर वर्षानुवर्षं घरात अडकलेली पुस्तकं परत येऊ लागली, आणि त्यांच्यासोबत दुरावलेले वाचकही. दंडामुळे पुस्तक शाबूत राहतं, असा आमच्या व्यवसायातला जुना समज. दंडापायी किती माणसं तुटली, ते कुणी मोजत नाही.

मी त्यांना संगणकापाशी बसवलं आणि शेजारी खुर्ची ओढली. त्यांच्याकडे ईमेल नव्हता, म्हणून आधी तो उघडला. मग ओटीपी. मोबाइल पिशवीतून काढून, चष्मा लावून ते आकडे वाचेपर्यंत मुदत संपायची. ओटीपी मोठ्यानं वाचत, अख्ख्या वाचनकक्षाला ऐकू जाईल असा. फोटो ठरावीक आकारापेक्षा मोठा निघाला. तो लहान करेपर्यंत संकेतस्थळानं आम्हाला बाहेर काढलं. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी कंटाळून त्यांनी मोबाइल आणि डायरी माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीच भरा ना. पासवर्डसुद्धा तुमच्याकडेच ठेवा, माझ्याकडून हरवेल."

इथे मी अडले. कोण काय वाचतं हे ग्रंथपालानं बाहेर सांगायचं नसतं, ही शिस्त आमच्या अंगात मुरलेली. इथे तर माणूस बँकेचा खातेक्रमांक, जन्मतारीख, पासवर्ड सगळं एका अनोळखी बाईच्या हवाली करत होता, केवळ ती ग्रंथालयात बसते म्हणून. मी कीबोर्डला हात लावला नाही. त्यांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत अर्ज भरला. मागे काउंटरवर माझे सहकारी एकटेच रांग सांभाळत होते आणि माझ्याकडे रागानं बघत होते. कुणीतरी सूचनावहीत 'शांतता नसते' असं लिहूनही गेलं.

अर्ज गेला. पावती छापून हातात पडल्यावर ते उठले आणि निघाले. कपाटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही, असं म्हटलं तर खोटं ठरेल.

दार बंद करताना वाद झाला. "आपण ग्रंथपाल की अर्ज भरून देणारे एजंट?" सहकारी म्हणाले. "ऑफिसनं आपली खिडकी बंद केली, तो भार आपण का उचलायचा?" मी डेन्मार्कचं उदाहरण दिलं. तिथे १ नोव्हेंबर २०१४ पासून पंधरा वर्षं आणि त्यावरच्या नागरिकांना सरकारी टपाल डिजिटल पेटीतच येऊ लागलं, सूट ठरावीक कारणांसाठीच. ज्यांना ते जमेना त्यांना मदत करायचं काम ग्रंथालयांकडेही आलं. ऑर्हूसमध्ये २०१५ साली उघडलेल्या 'डॉक-१' या ग्रंथालयाच्या इमारतीत तर नागरी सेवांचा कक्षच आहे. आमच्यातल्या सर्वांत तरुण सहकारी मुलीनं लगेच मोबाइलवर फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या 'ओडी' ग्रंथालयाचे फोटो दाखवले: डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेलं, मधल्या मजल्यावर शिलाई मशिनं, पुस्तकं त्याच्या वर.

"मग माझंच म्हणणं खरं ठरलं," सहकारी म्हणाले. "तिथे नागरी सेवेला वेगळी माणसं आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयात बेघर लोक यायला लागले, तर २००९ मध्ये त्यांनी प्रशिक्षित समाजसेविका नेमली. ग्रंथपालाला समाजसेवक केलं नाही." यावर मी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांतलं पाचवं ऐकवलं, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. "संस्था वाढते," ते म्हणाले, "कर्मचारी वाढतात का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

दैनंदिन नोंदवहीत दिलेली पुस्तकं, परत आलेली पुस्तकं, नवे सभासद असे रकाने होते. त्या दुपारच्या कामाला रकानाच नव्हता. मी ते 'शेरा'मध्ये लिहिलं.

आता संदर्भ विभागात एक टेबल अशा अर्जांसाठी असतं. तिथे सभासदत्वाची आणि अर्ध्या तासाची अट नाही. टंकायचं ज्याचं त्यानं, पासवर्ड आम्ही ठेवत नाही, पैशांच्या व्यवहारात पडत नाही. नोंदवहीत पेनानं रेघ ओढून नवा रकाना केलाय, आणि तो सर्वांत काटेकोरपणे भरतात ते माझे हेच सहकारी. महिनाअखेरीस बेरीज करून ते त्या ऑफिसला पत्र पाठवतात: तुमचं इतकं काम आम्ही केलं, एक माणूस द्या. सही माझी असते. उत्तर अजून आलेलं नाही.