ब्लॉकचेन आणि मार्लबोरोची कार्टनं

मर्चंट नेव्हीत आहे म्हटलं की आयटीवाले मित्र विचारणारच, अरे तुमच्या पोर्टमधली चिरीमिरी ब्लॉकचेनने बंद होणार ना? मोठमोठ्या कंपन्या करतायत म्हणे. (ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांची मिळून एकच डिजिटल वही, त्यात एकदा लिहिलं की मागून खोडता येत नाही.) थोडी होईल रे बाबा, पण तुम्हाला वाटतं तिथे नाही.

सुएझला जहाजावरची लोकं कित्येक वर्षं 'मार्लबोरो कॅनाल' म्हणत आलीत, कारण तिथून जायचं तर सिगारेटची कार्टनं तयार ठेवायला लागायची. अशा ठिकाणी धमकी वगैरे कोणी देत नाही हो, फक्त अचानक एखादं सर्टिफिकेट नीट दिसेनासं होतं, क्रू लिस्टमधली स्पेलिंग खटकायला लागते, आणि जहाज थांबलं की दिवसाला हजारो डॉलर जातात, वरून चार्टररचे, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचे फोन, मग मास्टर, म्हणजे कॅप्टन, म्हणतो द्या दोन कार्टनं आणि सुटा एकदाचे. याची पावती नाही, नोंद नाही. ब्लॉकचेनमध्ये टाकणार काय?

अर्जेंटिनाचं उदाहरण मला सगळ्यात भारी वाटतं. तिथे सोयाबीन, मका वगैरे भरायच्या आधी होल्ड, म्हणजे जहाजातली माल भरायची जागा, तपासतात, आत गंज आहे का, जुन्या मालाचे दाणे राहिलेत का, रंगाचे पोपडे निघतायत का. आता साफ म्हणजे किती साफ हे ठरवणार इन्स्पेक्टर, म्हणजे सगळा खेळ त्याच्या मतावर. नापास केलं की लोडिंग बंद, परत धुवा, परत तपासणी, आणि पास व्हायचा दुसरा रस्ता कुठला ते सगळ्यांना माहीत. समजा त्याचं हे मत ब्लॉकचेनवर चढवलं, तर 'होल्ड घाण आहे' हे खोटं कायमचं पक्कं झालं, आता ते कोणाच्या बापाला खोडता येणार नाही! तिथे खरा फरक पडला तो 2017 मध्ये नियम बदलल्यावर. शिपिंग कंपन्यांनीच 2011 मध्ये उभं केलेलं मॅरिटाइम अँटी-करप्शन नेटवर्क त्यामागे लागलं होतं. इन्स्पेक्टरच्या मर्जीला जागा कमी केली, तपासणीवर उलटतपासणी आणली, वाद झाला तर वर दाद मागायची सोय केली आणि नोंदी कॉम्प्युटरवर घेतल्या. साधा कॉम्प्युटर, ब्लॉकचेन नाही.

आणि त्या मोठ्या कंपन्यांचं म्हणाल तर मर्स्क ही बडी शिपिंग कंपनी आणि आयबीएमने 2018 मध्ये ट्रेडलेन्स आणलं होतं, म्हणजे मालाची सगळी कागदपत्रं ब्लॉकचेनवर ठेवायची सिस्टीम. त्याआधी मर्स्कने केनियाहून युरोपला जाणाऱ्या एका कंटेनरचा माग काढला तेव्हा तीसेक माणसं-संस्था आणि दोनशेच्या वर देवाणघेवाणी निघाल्या होत्या, म्हणजे कल्पना काही येडचाप नव्हती. प्रत्येक शिक्का म्हणजे कोणाचं तरी टेबल आणि टेबलाखाली हात. पण नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी बंद करत असल्याचं जाहीर केलं, सगळी इंडस्ट्री एकत्र आली नाही म्हणून. मला विचाराल तर प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात आपली वही कोण ठेवेल.

मग उपयोग कुठे? तर बेल्जियमच्या अँटवर्प पोर्टला. तिथे कंटेनर उचलायला एटीएमसारखा पिन कोड लागायचा, आणि हा कोड एजंटकडून, फॉरवर्डरकडून (माल पाठवायची व्यवस्था बघणारा), ट्रकवाल्याकडून फिरत जायचा, ईमेलवर सुद्धा. कोकेनवाल्या टोळ्यांना अख्खं पोर्ट विकत घ्यायची गरजच नाही, कोड बघू शकणारा एक माणूस फोडला की झालं, त्यांचा ट्रक खऱ्या ट्रकच्या आधी गेटवर हजर. 2023 मध्ये एकट्या अँटवर्पला 116 टन कोकेन पकडलं, न पकडलेलं वेगळं. टी-मायनिंग नावाच्या तिथल्याच कंपनीने पिन काढून टाकून कंटेनर उचलायचा हक्कच ब्लॉकचेनवर एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची सिस्टीम बनवली. हक्क पुढे गेला की मागच्याच्या हातात काही उरत नाही, त्यामुळे विकायलाही काही नाही. इथे चोरी कॉपी होणाऱ्या आकड्याची होती म्हणून ही आयडिया बरोबर बसते. तरी टोळ्या क्रेनवाल्याला पैसे चारतातच, ते वेगळं.

आपल्याकडे त्याच मॅरिटाइम अँटी-करप्शन नेटवर्कने 2019 मध्ये मुंबई पोर्ट आणि जेएनपीटीसाठी हेल्पडेस्क सुरू केला, पैसे मागितले तर जहाजावरून कळवायचं, मग ते वरच्या अधिकाऱ्यांशी बोलतात. रात्री दोनला गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या जिन्यावर, चार जण उभे असताना मास्टरला जी मदत लागते ती ही. जहाजावर नवीन लागणाऱ्या पोरांनो, तुमच्या कंपनीत असा नंबर आहे का ते जॉइन व्हायच्या आधी विचारा, आणि कोण आलं, किती वाजता आलं, काय मागितलं ते तेव्हाच लिहून ठेवा, साध्या वहीत लिहिलं तरी चालेल.