पडून राहिलेली वाद्ये विकताना

डिसेंबर २०२३ मध्ये घराला रंग द्यायचे ठरले आणि मागच्या खोलीतले सगळे सामान बैठकीच्या खोलीत आणून ठेवावे लागले. त्यातले निम्म्याहून अधिक सामान गाण्याचे होते, आणि बहुतेक वस्तूंना दोन वर्षांत कोणी हातही लावला नव्हता. १९९८ साली विशारदची तयारी करताना घेतलेला मिरजेचा तानपुरा गवसणीत उभा होता, सासऱ्यांची पेटी होती, मुलीसाठी घेतलेला यामाहाचा कीबोर्ड होता, आणि टाळेबंदीत ऑनलाइन शिकवण्या घेता याव्यात म्हणून २०२० मध्ये घेतलेला रोड कंपनीचा कंडेन्सर माइक आणि फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ हा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी, होता. मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला गेली, विद्यार्थिनी पुन्हा घरी येऊन शिकू लागल्या, आणि रोजच्या शिकवणीला मोबाइलवरचा तानपुरा पुरू लागला.

आमच्या घरातल्यांचे म्हणणे असे होते की सगळे एकाच दुकानदाराला देऊन मोकळे व्हावे. जुनी वाद्ये घेणाऱ्या एका दुकानदाराला मी घरी बोलावलेही. त्यांनी कीबोर्ड चालू करून पाहिला, माइकचे खोके उघडून पाहिले, पण तानपुऱ्याची गवसणी अर्धीच खाली सरकवली आणि एकही तार न छेडता त्याची किंमत सांगितली. त्यांच्या व्यवहारात ते कदाचित योग्यही असेल, परंतु त्या क्षणी मी सगळे एकत्र विकण्याचा विचार सोडून दिला आणि प्रत्येक वस्तूचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यायचे ठरवले.

मी एका वहीत प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहिल्या: शेवटचा वापर कधी झाला, कशासाठी झाला, आणि येत्या वर्षभरात तिच्यावाचून कोणते ठरलेले काम अडणार आहे. ‘कधीतरी लागेल’ हे उत्तर मी मान्य करणार नव्हते. माइक आणि इंटरफेससमोरची तिसरी जागा कोरीच राहिली, तेव्हा ते आधी काढायचे हे नक्की झाले.

खरे पाहता तो निर्णय वर्षभर आधीच घ्यायला हवा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये स्कार्लेटची चौथी पिढी बाजारात आली आणि माझ्याकडच्या तिसऱ्या पिढीच्या नगाला जुन्या बाजारात मिळणारा भाव बघता बघता उतरला; वस्तू तीच होती, तितकीच चांगली चालत होती, केवळ तिच्यापुढे नवी आली होती. माइकचे नुकसान वेगळ्या कारणाने झाले. कंडेन्सर माइकमध्ये धातूचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा असतो, त्यावर विद्युतभार टिकून राहावा लागतो, आणि हवेतला ओलावा आत साठला की तो भार झिरपून आवाजात तडतड येऊ लागते. मी तो माइक दोन पावसाळे साध्या कपाटात ठेवला होता, आणि जोडून पाहिला तेव्हा नेमकी तीच तडतड ऐकू आली. सिलिका जेलच्या पुड्या घालून तो हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवल्यावर आवाज स्वच्छ झाला, तरीही घेणाऱ्याला मी हे सर्व आधीच सांगितले. पिंपरीहून आलेल्या त्या तरुणाने आपला लॅपटॉप सोबत आणला होता. त्याने इंटरफेसवरचे, माइकला वीज पुरवणारे ४८ व्होल्टचे बटण दाबले, हेडफोन कानाला लावले, आम्हा सगळ्यांना गप्प बसायला सांगितले आणि दोन मिनिटे नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून ती मोठ्या आवाजात ऐकली. अशी पारख करणारा गिऱ्हाईक मिळाल्याचे मला फार समाधान वाटले. दोन्ही वस्तूंचे मिळून १५,००० रुपये आले, म्हणजे खरेदीच्या निम्म्याहून थोडे कमी.

कीबोर्डची जाहिरात टाकल्यावर पहिल्या तासाभरातच एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी घासाघीस केली नाही, वस्तू पाहण्याची इच्छा दाखवली नाही, आगाऊ रक्कम लगेच पाठवतो असे सांगून एक क्यूआर कोड पाठवला, आणि तो स्कॅन करून पिन टाकल्यावर पैसे जमा होतील असे ते वारंवार बजावू लागले. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. हे मला ठाऊक होते म्हणून मी थांबले आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर तो नंबर कळवला. त्यानंतर मी एकच नियम पाळला: घेणाऱ्याने घरी यावे, वस्तू वाजवून पाहावी, आणि पैसे माझ्या डोळ्यांदेखत द्यावेत. जूनमध्ये शाळा आणि गाण्याचे वर्ग सुरू होतात तेव्हा कीबोर्डला मागणी असते, म्हणून मी तोपर्यंत थांबले. आमच्याच सोसायटीतल्या एका मुलासाठी तो ६,५०० रुपयांना गेला.

तानपुऱ्याबाबत मात्र वहीतले प्रश्न पुरेनात. त्याच्यासमोर ‘रियाज’ असे लिहिताना ते खरे आहे की नुसती इच्छा आहे, हे मलाच सांगता येईना. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये मी तो गवसणीतून काढून रियाजाच्या जागी ठेवला आणि महिनाभर रोज सकाळी कशावर गायले याची नोंद केली. तानपुऱ्यावर मी पाच दिवस गायले, उरलेल्या दिवशी हात मोबाइलकडेच गेला. ती नोंद वाचताना वाईट वाटले, पण शंका उरली नाही.

मात्र तो आहे त्या स्थितीत विकण्याची माझी तयारी नव्हती. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, तारा सैल करून तो रेल्वेने मिरजेला नेला. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते, तरी सतारमेकर गल्लीतल्या त्या कारखान्यात काम पूर्वीसारखेच चालले होते. वर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. कारागिरांनी आधी एक डोळा मिटून दांडीची सरळ रेषा पाहिली, मग भोपळ्यावर सगळीकडे बोटाने टिचक्या मारत गेले आणि एका ठिकाणी थांबले. तिथे बारीक चीर होती, मला ती कधी दिसली नव्हती. चीर सांधून झाल्यावर त्यांनी जवारी काढायला, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवायला घेतली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारांनी पाडलेले चरे कानशीने घासून काढायचे, तार लावायची, तिच्याखालचा दोरा केसभर सरकवायचा, ऐकायचे, पुन्हा तार उतरवून घासायचे. खर्जाची पितळी तार शेवटी बोलू लागली तेव्हा कितीतरी वर्षांनी मला तिच्या नादातून आपोआप उमटणारा गंधार स्वच्छ ऐकू आला. तानपुरा न विकता परत घरी न्यावा असे मनात आले होते. पण मी किंमत विचारली. असाच नवा तानपुरा केवढ्याला बसेल आणि किती दिवसांनी मिळेल, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, आणि त्यावरून मी २४,००० रुपये ठरवले.

साताऱ्याची एक मुलगी आपल्या बाईंसोबत तो पाहायला आली. तिचा सूर काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, माझा होता तोच. बाईंनी स्वतः तारा लावल्या, मणी सरकवून जोडीच्या तारा मिळवल्या आणि तिला नुसता षड्ज लावायला सांगितला. ती बराच वेळ गात राहिली, किमतीबद्दल कोणी काही बोलले नाही. मी तिला भोपळ्यावरची सांधलेली जागा दाखवली, तारांच्या जाडीचे आकडे लिहून दिले आणि वापर नसेल तेव्हा तारा उतरवून ठेवायला सांगितले. जाताना तिने तानपुरा आडवा न ठेवता मोटारीत मागच्या सीटवर मांडीशी धरून नेला.

पेटी अजून घरीच आहे. तिचा भाता एका बाजूने हवा सोडतो आणि मध्य सप्तकातले दोन सूर बसले आहेत, त्यामुळे आज विकली तर तिची किंमत लाकडाइतकीच होईल. शेजारच्या भजनी मंडळातल्या काकूंनी ती मागितली आहे. भात्याचे कातडे बदलून आणि सूर लावून देणारे एक गृहस्थ सापडले आहेत, त्यांच्याकडून काम झाले की गणपतीच्या आधी ती मंडळात जाईल. सासऱ्यांच्या पेटीचे मी पैसे घेणार नाही, हे काकूंना सांगून ठेवले आहे.