जांभळ्या पेनाने दिलेले मत

१ डिसेंबर २०२० रोजी पुणे पदवीधर मतदारसंघासाठी सांगलीत मतदान करताना माझ्या हातात वर्तमानपत्राच्या पानासारखी लांबरुंद मतपत्रिका आणि निवडणूक आयोगाचे जांभळे स्केचपेन आले. या निवडणुकीत एकाच नावापुढे खूण न करता उमेदवारांपुढे पसंतीने एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे असतात. उमेदवार ६०हून अधिक होते. 'फक्त आकडा लिहा, बरोबरची खूण करू नका, खिशातले पेन काढू नका', असे केंद्रावरचे कर्मचारी प्रत्येकाला बजावत होते. तरीही माझ्या पुढच्या गृहस्थांनी बाहेर येताच, दोन उमेदवार ओळखीचे असल्यामुळे दोघांनाही एक नंबर देऊन टाकल्याचे समाधानाने सांगितले. ते मत बादच झाले असणार.

त्या निवडणुकीत आपल्या कुंडलच्या अरुण लाड यांनी पहिल्या पसंतीच्या मतांतच कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारा मतांचा आकडा, ओलांडला, त्यामुळे मी बराच विचार करून लिहिलेला दोनचा आकडा कोणी पाहिलाही नाही. पुणे शिक्षक मतदारसंघात मात्र कोणीच कोटा न गाठल्यामुळे तळाच्या उमेदवारांना एकेक करून बाद करत, त्यांची मते पुढच्या पसंतीकडे वळवत बसावे लागले. म्हणजे पसंतीक्रमाची पद्धत आपल्याला नवी नाही. ती पदवीधर आणि शिक्षकांपुरती राखून ठेवली आहे, एवढेच.

१५ जानेवारी २०२६ रोजी सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेसाठी मतदान केले, तेव्हा हे सारे पुन्हा आठवले. महापालिकेच्या ७८ जागा २० प्रभागांत विभागलेल्या आहेत आणि बहुतेक प्रभागांतून चार नगरसेवक निवडले जातात. एका प्रभागाला चार प्रतिनिधी म्हटल्यावर चार प्रकारच्या मतांना वाव मिळेल, असे कोणालाही वाटेल. पण अ, ब, क, ड या चार जागांची मोजणी स्वतंत्र होते, आणि पॅनेलचा शिक्का बसलेला मतदार चारही बटणे एकाच चिन्हासमोर दाबतो. समजा, २० हजार वैध मतांपैकी एका पॅनेलला ९ हजार, दुसऱ्याला ६ हजार आणि तिसऱ्याला ५ हजार मते मिळाली, तर पहिले पॅनेल चारही जागा घेऊन जाते आणि उरलेल्या ११ हजार मतदारांचा सभागृहात एकही माणूस नसतो.

अमेरिकेतील पोर्टलंड शहराने २०२४ मध्ये प्रथमच याहून वेगळी रीत वापरली. तिथे चार विभागांतून प्रत्येकी तीन असे १२ सदस्य निवडायचे होते. मतदाराचे मत एकच, पण त्याला सहापर्यंत पसंती लिहिता येतात. २५ टक्क्यांहून जास्त मते मिळाली की उमेदवार निवडून येतो आणि त्याच्या मतांचा जादा भाग वाया न जाता पुढच्या पसंतीकडे जातो. हाच हिशेब आपल्या चार जागांच्या प्रभागाला लावला, तर २० हजार मतांत कोटा पाचव्या भागाहून एक जास्त, म्हणजे ४,००१ येतो आणि वरच्या उदाहरणात मतदारांनी आपापल्या पॅनेलपुरत्याच पसंती दिल्या, तरी पहिल्या पॅनेलला दोन, उरलेल्या दोघांना एकेक जागा मिळते. शिवाय 'अपक्षाला मत म्हणजे मत वाया' आणि 'अमुक अमक्याची मते खायला तमुक उभा केलाय' ही आमच्या गावभागातल्या कट्ट्यावरची दोन ठरलेली वाक्ये बरीचशी निकामी होतात, कारण अपक्ष बाद झाला तरी त्याचे मत चालतच राहते.

मोजणी किचकट असते, हा आक्षेप खरा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली अशाच पसंतीक्रमाच्या मोजणीत तर सुमारे १ लाख ३५ हजार चाचणीची मते चुकून हिशेबात धरली गेली आणि जाहीर केलेले आकडे मागे घ्यावे लागले. तरी मला ही अडचण मोठी वाटत नाही. दक्षता घेतली तर टळणारी ती चूक आहे.

खरी अडचण आरक्षणाची आहे. आपल्याकडे निम्म्या जागा महिलांसाठी, त्याशिवाय अनुसूचित जाती आणि इतर मागास प्रवर्गाच्या जागा, आणि अ, ब, क, ड ही विभागणी मुळात त्यासाठीच केलेली. पोर्टलंडला हा प्रश्न नव्हता. सर्वांची नावे एकाच मतपत्रिकेवर आणायची, तर राखीव जागा भरेपर्यंत त्या प्रवर्गाचा शेवटचा उमेदवार बाद करायचा नाही, असा एखादा नियम करता येईल, असे मी निवडणुकीच्या कामावर अनेकदा गेलेल्या एका मित्राला सुचवले. त्याने चहाचा कप खाली ठेवून विचारले, "आणि त्या प्रवर्गाचे दोघे उरले, एक बहुमताच्या पॅनेलचा आणि एक अपक्ष, तर आधी कोणाला काढणार?" मी तळाचा म्हणालो. तो म्हणाला, "मग अपक्षच जाणार की!"