ऑटर नदीकाठचे बीव्हर

जूनमध्ये इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हनला जाणारे बहुतेक जण समुद्राच्या ओढीने जातात. आम्ही दोघं ऑटर नदीकाठच्या ऑटर्टन गावी गेलो ते बीव्हर बघायला, म्हणजे झाडं कुरतडणारा, पाण्यात वावरणारा मोठा उंदीरवर्गीय प्राणी. एक्झेटरहून एक्समथपर्यंत रेल्वे, पुढे बस. गावातल्या जुन्या पाणचक्कीपासून नदीकाठाने पायवाट निघते.

बीव्हर म्हणजे फांद्या-चिखलाची धरणं, असं डोक्यात घेऊन गेलात तर इथे काहीच दिसणार नाही. मुख्य नदी पुरेशी खोल असल्याने ते धरण बांधायच्या फंदात पडत नाहीत, काठातच बिळं करतात. वाळुंजाची झाडं मात्र बघावीत! एका बुंध्यावर वाकून पाहिलं तर दातांच्या खोबणी ओळीने मोजता येत होत्या. खाली ढलप्यांचा सडा: ताज्या पिवळसर, जुन्या करड्या. काही झाडांना लोकांनी जाळी गुंडाळली होती.

शिकारीपायी ब्रिटनमधून बीव्हर संपले त्याला 400 वर्षं झाली. कातडं, मांस, शेपटीजवळच्या ग्रंथींचा सुगंधी स्राव, सगळ्यालाच गिऱ्हाईक होतं. या नदीत ते पुन्हा आले कुठून, हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. 2014 मध्ये सरकार त्यांना पकडून नेणार होतं, पण गावकरी आडवे आले. मग रोगांची तपासणी करून 2015 मध्ये त्यांना परत सोडलं, डेव्हन वाइल्डलाइफ ट्रस्ट या वन्यजीव संस्थेने 5 वर्षं प्रयोग चालवला आणि 2020 मध्ये त्यांचा मुक्काम कायम झाला.

संध्याकाळी साडेनऊच्या सुमारास समोरच्या काठाला एक दिसला. मागच्या पायांवर बसून, दोन्ही हातांत फांदी फिरवत साल सोलत होता. कुरकुर आवाज अलीकडच्या काठावर स्पष्ट येत होता. (मासे खात नाही बिचारा, तरी गळ टाकणारे त्याच्यावर डूख धरून असतात.) कोणाचा तरी कुत्रा भुंकला, तशी पाण्यावर शेपटी आपटून गडी गायब.

धरणं आहेत ती ओढ्यांवर. ईस्ट बडली गावात पूर यायचा. वरच्या अंगाला बीव्हरांनी 6 धरणं बांधली आणि गावातला पुराचा जोर मोजण्याइतका उतरला. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' भिंतीभिंतीवर वाचत वाढलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटणारच. पण वाचतात ती खालची घरं, पाणी चढतं ते वरच्या शेतात. प्रयोगाच्या काळात बटाट्याचं शेतही पाण्याखाली गेलं होतं. अशा वेळी धरणातून पाइप घालून पातळी खाली आणतात, कुठे धरणच काढावं लागतं. 2022 पासून इंग्लंडमध्ये बीव्हरला कायद्याचं संरक्षण असल्याने हे मनाला येईल तसं करता येत नाही.

रात्री पबमध्ये भेटलेल्या एका शेतकऱ्याचा बीव्हरवर राग नव्हता. पुराचं पाणी आपल्या रानात थांबवून घ्यायचं तर त्याचं भाडं मिळावं, एवढंच त्याचं म्हणणं. मला ते रास्त वाटलं. 2025 पासून परवाना काढून बीव्हर मोकळ्या नद्यांत सोडायला सरकारने मुभा दिली आहे. म्हणजे हा भाड्याचा हिशोब आता आणखी बऱ्याच गावांत निघणार.